अमेरिकेतून आलेला फोन अनलॉक झाला, तरी हॉटस्पॉट आणि वायफाय कॉलिंग बंद का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं, मेहुण्यांनी न्यू जर्सीहून त्यांचा जुना गॅलेक्सी एस२१ तुमच्या आईसाठी पाठवला, तो तिथल्या मोबाईल कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला होता, हप्ते फिटले आणि कंपनीने रीतसर अनलॉकही करून दिला. इथे जिओचं सिम टाकलं तर नेट चालतं, कॉल लागतात. पण हॉटस्पॉट ऑन केला की "तुमच्या प्लॅनमध्ये ही सेवा नाही, कंपनीशी संपर्क करा" असा मेसेज येतो, आणि वायफाय कॉलिंगचा तर पर्यायच सेटिंगमध्ये दिसत नाही. देवरुखच्या बाजूला घर, जांभ्याच्या जाड भिंती, आत रेंज शून्य पण फायबरचं वायफाय आहे, म्हणून वायफाय कॉलिंग हवंय. आणि लाईट गेली की राउटर पण जातो, तेव्हा पडवीच्या टोकाला जिथे रेंज येते तिथे फोन ठेवून लॅपटॉपला हॉटस्पॉट द्यायचाय. दुकानदार म्हणतो बोर्ड बदलावा लागेल, साडेचार हजार.

आधी दुकानदाराचं उरकतो. बोर्ड बदलू नका. नेट चालतंय, वायफायला फोन जोडला जातोय, म्हणजे दोन्ही रेडिओ धडधाकट आहेत. हॉटस्पॉटला वेगळा पार्ट नसतो, तोच वायफायचा रेडिओ उलट्या दिशेने वापरला जातो. बोर्डावर खर्च करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. शिवाय तो बोर्ड आणणार कुठून? अमेरिकन एस२१ मध्ये मुख्य चिप क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ८८८ आहे, भारतात विकलेल्या एस२१ मध्ये सॅमसंगचा स्वतःचा एक्सिनॉस २१००. नाव एक, डबी एक, आत वेगळे संसार.

मी हे काम बरीच वर्षं करतोय. आता तापकीर गल्लीच्या जवळ सॉफ्टवेअर-रिपेअरचं छोटं दुकान आहे, पण त्याआधी पुण्यातच एका आऊटसोर्सिंग कंपनीत हँडसेट टेस्टिंगला होतो, अमेरिकन मोबाईल कंपन्यांसाठी बनणारे फोन आमच्याकडे तपासायला यायचे. त्यामुळे तुमचा प्रॉब्लेम मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलाय असं म्हणा. आणि "फोन अनलॉक आहे मग हे का चालत नाही" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच, दिवाळीत आणि मे महिन्यात जास्त, तेव्हा तिकडची मंडळी इकडे येतात ना.

खरा घोळ "अनलॉक" या शब्दात आहे. आपण समजतो अनलॉक म्हणजे फोन मोकळा. तसं नसतं. आपला पेठेतला जुना वाडा डोळ्यासमोर आणा. दिंडी दरवाजाला कुलूप, आत गेलात की तुमच्या खोलीला वेगळं कुलूप, आणि नळाला पाणी कधी सोडायचं ते महापालिकेचा चावीवाला ठरवणार. मेहुण्यांच्या कंपनीने उघडलाय तो फक्त दिंडी दरवाजा, म्हणजे सिम लॉक. दुसऱ्या कंपनीचं सिम चालेल, बस, एवढाच त्याचा अर्थ. खोलीचं कुलूप म्हणजे फोनमधलं सॉफ्टवेअर, त्या कंपनीच्या ऑर्डरप्रमाणे बनवलेलं, ते अनलॉक केल्यावर आपोआप बदलत नाही. आणि नळ म्हणजे नेटवर्क, तिकडे जिओ किंवा एअरटेलचा सर्व्हर तुमच्या फोनला ती सेवा देतो की नाही. तुमचा हॉटस्पॉट अडकलाय खोलीच्या कुलपापाशी. वायफाय कॉलिंग खोलीपाशी अडकलंय की नळापाशी, ते मॉडेल आणि सॉफ्टवेअर बघितल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण अंदाज नक्की बांधता येतो, खाली सांगतो.

आता कुणी म्हणेल, आपण घेतलेल्या फोनमधली चालू गोष्ट कंपनी मुद्दाम कशाला बंद करेल? पैसा. आणि सवय. आपल्याला हे विचित्र वाटतं कारण आपण फोन दुकानातून रोख घेतो आणि सिम पानाच्या टपरीवरून. अमेरिकेत वर्षानुवर्षं फोन मोबाईल कंपनीच विकायची, दोन वर्षांच्या करारावर, अर्ध्याहून कमी किमतीत. म्हणजे मोटोरोला-नोकियाचं खरं गिऱ्हाईक तुम्ही-मी नव्हतोच, ती कंपनी होती, आणि जो माल उचलतो तो माल कसा हवा ते सांगतो.

यातलं गाजलेलं प्रकरण म्हणजे २००४ चा मोटोरोला व्ही७१०. व्हेरायझन या अमेरिकन मोबाईल कंपनीचा तो पहिला ब्लूटूथवाला फोन. कॅमेरा १.२ मेगापिक्सेलचा, त्या काळात भारीच. लोकांनी हौसेने घेतला, फोटो काढले, ब्लूटूथने कॉम्प्युटरवर टाकायला गेले तर जातच नाहीत. हेडसेट जोडला जातोय, बोलता येतंय, पण फाईल पाठवायचा भाग गायब. फोटो बाहेर काढायचा सोपा रस्ता काय, तर तो कंपनीच्याच नेटवर्कवरून पिक्चर मेसेज म्हणून पाठवा आणि प्रत्येकाचे पैसे भरा. रिंगटोनचं तेच, बाहेरून टाकायची नाही, आमच्याकडून विकत घ्या. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात ग्राहकांनी सामूहिक खटला भरला आणि शेवटी कंपनीला तडजोड करावी लागली. मधल्या काळात हौशी पोरांनी फोनच्या आतल्या एका सेटिंग फाईलमधले मोजके बिट बदलून फाईल ट्रान्सफर चालू करून दाखवलं होतं. म्हणजे सगळं सामान फोनमध्ये होतंच, फक्त बंद करून ठेवलेलं.

कंपन्या तेव्हा सुरक्षेचं कारण द्यायच्या, आणि खरं सांगायचं तर ते शंभर टक्के थाप नव्हतं. त्याच २००४ मध्ये कॅबिर नावाचा ब्लूटूथवरून पसरणारा मोबाईल व्हायरस आला होता. पण तो सिंबियन (तेव्हाच्या नोकियात असायची ती ऑपरेटिंग सिस्टीम) असलेल्या फोनवर चालायचा, व्ही७१० सिंबियन नव्हताच. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय.

मला हे आतून कसं दिसायचं ते सांगतो, कारण ते विसरता येत नाही. ऑपरेटरकडून रिक्वायरमेंटचं जाडजूड बाड यायचं, शेकडो पानं. त्यावरून टेस्ट केस. एका फोनची एक टेस्ट अशी होती, ब्लूटूथने फोटो पाठवा, अपेक्षित निकाल काय तर फोटो जाता कामा नये, मेनूत पर्याय दिसता कामा नये. मी नवीन होतो. टेस्ट केली, फोटो झटकन गेला, मी खुशीत "पास" लिहिलं. लीडने बोलावून सांगितलं, बाबा, हे फेल आहे, फोन चालतोय हाच बग आहे. मग मी तो बग रीतसर नोंदवला, वर प्राधान्य "उच्च" टाकलं, आणि सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त होऊन आलं, म्हणजे बंद होऊन आलं. त्या दिवशी डबा खाताना आमच्या टेबलावर जो हशा झाला तो आठवला की आजही हसू येतं, पण तुमच्या आईच्या हातातला फोन हे त्याच बाडाचं नातवंड आहे.

बाकीची उदाहरणं पटापट सांगतो. २००६ मध्ये नोकियाचा ई६१ जगभर वायफायसकट मिळत होता, अमेरिकेत सिंग्युलर या मोबाईल कंपनीने घेतला तो ई६२ म्हणून, वायफाय काढून, ३जी पण काढून. २०१० मध्ये एटीअँडटी या तिथल्या मोबाईल कंपनीने आयफोनवर टेदरिंग (म्हणजे हॉटस्पॉटसारखं फोनचं नेट लॅपटॉपला देणं) दिलं ते महिना २० डॉलर जादा घेऊन, आणि त्या २० डॉलरमध्ये एक एमबी सुद्धा जास्तीचा डेटा नाही, तुमच्याच विकत घेतलेल्या २ जीबीतला डेटा लॅपटॉपवर वापरायची नुसती परवानगी. २०११ मध्ये व्हेरायझनच्या गॅलेक्सी नेक्सस फोनवर एनएफसी (फोन टेकवून पैसे द्यायची सोय) होतं पण गुगल वॉलेट हे पैसे द्यायचं ॲप नाही, कारण व्हेरायझन, एटीअँडटी आणि टी-मोबाईल मिळून स्वतःचं आयसिस नावाचं पाकीट काढत होते (त्या नावाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, २०१४ ला नाव बदलून सॉफ्टकार्ड करावं लागलं, आणि वर्षभरात सगळं बासनात). २०१२ ला एटीअँडटीने मोबाईल डेटावर फेसटाईम फक्त ठराविक प्लॅनवाल्यांनाच देणार म्हणून सांगितलं.

त्याच २०१२ मध्ये एक चांगलं पण झालं. व्हेरायझनने गुगलला सांगून आपल्या ग्राहकांना टेदरिंगची ॲप दिसणार नाहीत असं करून घेतलं होतं. पण त्यांनी २००८ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ लहरींचा जो सी ब्लॉक नावाचा पट्टा घेतला होता त्याला अट होती, या लहरींवर ग्राहकाला आवडीचा फोन आणि आवडीचं ॲप वापरायला अडवायचं नाही. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, ते धरलं आणि साडेबारा लाख डॉलर भरून कंपनीने प्रकरण मिटवलं. त्यांच्या उलाढालीत ही रक्कम म्हणजे चहापाणी, पण त्यानंतर टेदरिंगची थेट अडवाअडवी बरीच कमी झाली.

आपल्याकडे हा रोग फारसा नव्हता पण अगदीच नव्हता असं नाही. २००३ मध्ये रिलायन्सच्या 'मान्सून हंगामा' योजनेत ५०१ रुपयांत फोन घेतलेल्यांना आठवत असेल, सीडीएमए नावाचं वेगळं तंत्र, फोन त्यांचाच आणि नेटवर्क पण त्यांचंच, दुसरीकडे नेऊन उपयोग नाही. २००८ ला आयफोन ३जी आला तो एअरटेल आणि व्होडाफोनला बांधलेला. २०१७ चा जिओफोन, १५०० रुपये डिपॉझिटवाला, त्यात जिओशिवाय सिम चालायचं नाही. पण साधा अँड्रॉइड आपण मोकळाच घेत आलो, म्हणून हॉटस्पॉटसाठी कुणाची परवानगी लागते हेच आपल्या डोक्यात येत नाही.

बरं, आता तुमच्या फोनकडे. आधी मॉडेल नंबर बघा, सेटिंगमध्ये सगळ्यात खाली अबाउट फोन. एसएम-जी९९१ पर्यंत सगळ्यांचं सारखं असेल, पुढचं अक्षर महत्त्वाचं. नुसतं यू असेल तर तो अमेरिकन मोबाईल कंपनीमार्फत विकलेला. यू१ असेल तर अमेरिकेतच पण सॅमसंगने मोकळा विकलेला. बी असेल तर आपल्याकडचा आणि युरोपातला. तुमचा यू असणार, पैज लावतो. मग तिथेच सॉफ्टवेअर इन्फॉर्मेशनमध्ये जा, खाली सर्व्हिस प्रोव्हायडर सॉफ्टवेअर व्हर्जन म्हणून एक लांबलचक ओळ असते, तिच्या शेवटी तीन-तीन अक्षरांचे कोड, तिरप्या रेघेने तोडलेले. व्हीझेडडब्ल्यू म्हणजे व्हेरायझन, एटीटी म्हणजे एटीअँडटी, टीएमबी म्हणजे टी-मोबाईल, एक्सएए म्हणजे अमेरिकेतला मोकळा. भारताचा आयएनएस. या कोडवरून फोन ठरवतो की कुठले मेनू दाखवायचे, कुठले लपवायचे, हॉटस्पॉट चालू करायच्या आधी कुणाला विचारायचं.

हॉटस्पॉटचं बटण दाबल्यावर आत काय होतं ते सांगतो म्हणजे उपाय पटेल. बऱ्याच कंपनी-फोनमध्ये बटण दाबलं की फोन आधी एक तपासणी करतो, या ग्राहकाच्या प्लॅनमध्ये टेदरिंग आहे का. हा प्रश्न अमेरिकेतल्या कंपनीच्या व्यवस्थेला विचारायचा असतो, देवरुखच्या जिओ सिमबद्दल तिला काही माहीत नाही, उत्तर नकारार्थी किंवा येतच नाही, आणि तुम्हाला तो मेसेज दिसतो. नवीन फोनमध्ये ही तपासणी कुठलं सिम घातलंय त्यावर ठरते त्यामुळे परदेशी सिमला ती लागू व्हायला नको, पण "व्हायला नको" आणि "होत नाही" यात पुष्कळ फोन अडकलेले मी पाहिलेत. दुसरा प्रकार असा की फोन हॉटस्पॉटसाठी वेगळ्या एपीएनची (म्हणजे सिमवरून इंटरनेटला जोडायच्या सेटिंगची) वाट बघतो, ज्याच्या प्रकारात डीयूएन ही तीन अक्षरं आहेत. अमेरिकेत टेदरिंगचा डेटा वेगळा मोजायचा म्हणून ही वेगळी वाट केलेली. जिओच्या एपीएनमध्ये तसं काही सापडलं नाही की फोन म्हणतो सेवा नाही.

म्हणून पहिला उपाय फुकटचा. कनेक्शन्स, मोबाईल नेटवर्क्स, ॲक्सेस पॉइंट नेम्स. असलेला एपीएन बदलता येत नसेल (कंपनी-फोनमध्ये तो बऱ्याचदा फिकट दिसतो, हात लावू देत नाही) तर वर ॲड करून नवीन बनवा. नाव काहीही द्या, एपीएनच्या जागी जिओनेट, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, सलग. खाली एपीएन टाईप येईल तिथे डिफॉल्ट, एसयूपीएल, डीयूएन हे तीन शब्द, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये स्वल्पविराम पण स्पेस नाही. सेव्ह करा, तो एपीएन निवडा, फोन बंद-चालू करा, मग हॉटस्पॉट लावून बघा. माझ्याकडे आलेल्या अशा फोनपैकी बरेच इथेच सुटतात आणि गिऱ्हाईक म्हणतं एवढंच होतं होय, मग पैसे कशाचे. तर ते घरीच करा.

नाही सुटलं तर दुसरा उपाय, यू वर यू१ चं सॉफ्टवेअर टाकणं. हार्डवेअर तेच असल्यामुळे ते चालतं, सॅमसंगची सही असलेलंच सॉफ्टवेअर असतं त्यामुळे रूट (फोनच्या आतल्या सॉफ्टवेअरवर पूर्ण ताबा घेणं) वगैरे भानगड नाही, कंपनीची ॲप आणि ती तपासणी दोन्ही जातात. पण फोन पूर्ण पुसला जातो, आईचे फोटो आधी काढून ठेवा, आणि सध्या आहे त्यापेक्षा जुन्या बूटलोडरचं (फोन सुरू करणारा आतला प्रोग्राम) सॉफ्टवेअर जात नाही, जबरदस्ती केली तर फोन अडकून बसतो. हे पहिल्यांदाच करत असाल तर जाणकाराकडून करून घ्या, तासाभराचं काम आहे. आणि कुणी "भारताचं सॉफ्टवेअर टाकून देतो" म्हणाला तर फोन खिशात घाला आणि बाहेर पडा, चिपच वेगळी आहे तर एक्सिनॉसचं सॉफ्टवेअर स्नॅपड्रॅगनवर बसणार कसं. रूट करून द्यायला निघालेल्यालाही नमस्कार करा, अमेरिकन सॅमसंगचा बूटलोडर बंद असतो आणि तसंही आईच्या फोनवर बँकेचं ॲप असेल तर त्या वाटेला जाऊच नये.

एक गंमत सांगून पुढे जातो. तपासणी फोनमधून काढली तरी कंपनीला टेदरिंग कळतं, कसं माहितीये का? इंटरनेटवरून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, एक आकडा असतो, प्रत्येक राउटर ओलांडला की एकने कमी होतो. अँड्रॉइड आणि आयफोन तो ६४ ने सुरू करतात, विंडोज १२८ ने. फोनमधून निघालेलं पॅकेट टॉवरकडे ६४ घेऊन जातं. लॅपटॉपचं पॅकेट तुमच्या फोनमधून जाताना फोनच राउटर झालेला असतो, म्हणून ते ६३ किंवा १२७ होऊन पोचतं. पलीकडच्या माणसाला लगेच समजतं की या फोनच्या मागे अजून कुणीतरी बसलंय. तुम्हाला भारतात याची काळजी करायची गरज नाही, आपल्याकडे साध्या प्लॅनवर हॉटस्पॉटला कुणी वेगळे पैसे मागत नाही. पण मेहुण्यांना सांगा, त्यांच्या कामाचं आहे.

आता वायफाय कॉलिंग, हे अवघड दुखणं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी सरळ म्हणणार होतो, पण तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य बघून थांबलो. तुम्ही म्हणता जिओवर कॉल लागतात. जिओकडे २जी-३जी नाहीच, साधा कॉल सुद्धा व्होल्टीवरूनच, म्हणजे ४जीच्या डेटावरूनच, जातो. म्हणजे या अमेरिकन सॉफ्टवेअरला जिओच्या कॉलिंग सर्व्हरशी बोलता येतंय, आडात थोडं पाणी आहे. तरी वायफाय कॉलिंग दिसत नाही म्हणजे त्या कंपनीच्या कोडखाली भारतीय नेटवर्कसाठी तो पर्याय चालू केलेलाच नाही. सॅमसंगमध्ये तो फिकट नाही दिसत, थेट लपवतात, त्यामुळे माणूस शोधत बसतो. फोनच्या ॲपमध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, तिथे नसेल तर नाही.

यू१ टाकल्यावर तो येईल का? येऊ शकतो, खात्री नाही. यू१ च्या कोडच्या यादीत भारताचा आयएनएस नसतो. माझ्याकडे आलेल्या अमेरिकन फोनपैकी काहींवर भारतीय सिमला वायफाय कॉलिंग आलं, काहींवर अजिबात नाही. म्हणून फक्त वायफाय कॉलिंगसाठी सॉफ्टवेअर बदलत असाल तर मी नको म्हणेन, हॉटस्पॉटसाठी करतच असाल तर बोनस मिळाला तर मिळाला. एक छोटी चाचणी करून बघा, घरात कुणाकडे एअरटेलचं सिम असेल तर ते या फोनमध्ये घालून, फोन बंद-चालू करून तो पर्याय येतो का बघा. आला तर अडथळा फक्त जिओपुरता आहे हे कळेल. एअरटेलने वायफाय कॉलिंग डिसेंबर २०१९ ला आणलं आणि जिओने जानेवारी २०२० ला, दोघांच्या साईटवर कुठल्या फोनवर चालतं त्याची यादी असते. पण ती यादी भारतात विकलेल्या फोनची धरून चाला, त्यात एस२१ दिसला म्हणून तुमचा एस२१ त्यात धरू नका.

आणि समजा पर्याय आला, तरी घरचा राउटर बघावा लागेल. वायफाय कॉल सुरू होताना फोन तुमच्या वायफायमधून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक बंदिस्त बोगदा बांधतो, त्यासाठी राउटरमधल्या दोन वाटा, यूडीपी पोर्ट ५०० आणि ४५००, मोकळ्या लागतात. (४५००! तुमच्या दुकानदाराने आकडा बरोबर सांगितला, वस्तू चुकली.) बहुतेक घरगुती राउटर हे अडवत नाहीत, पण गावाकडच्या काही केबलवाल्यांच्या सेटिंगमध्ये मी अडवलेलं पाहिलंय, मग पर्याय चालू, वायफाय फुल्ल, आणि कॉल मात्र लागत नाही. अशा वेळी त्याच घरात दुसऱ्या कुणाच्या भारतीय फोनवर वायफाय कॉलिंग चालतंय का ते बघा, एका मिनिटात दोष कुणाचा ते समजतं.

तर आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर, बोर्ड नाही, आधी मॉडेलचं अक्षर आणि ते तीन-तीन अक्षरांचे कोड, मग एपीएन, मग गरज पडली तर यू१, आणि वायफाय कॉलिंगवर फार आशा लावू नका.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर आईसाठी मी वेगळं करेन. आईला काय हवंय? घरात बसून फोन लागावा आणि बँकेचा ओटीपी यावा. व्हॉट्सॲप कॉल तर वायफायवर आत्ताही लागतोच, अडतंय ते साध्या कॉलचं आणि एसएमएसचं. मग आईचं सिम भारतात घेतलेल्या कुठल्यातरी साध्या फोनमध्ये घाला, गेल्या चार-पाच वर्षांतला, घरात पडलेला असेलच एखादा, आधी त्यात वायफाय कॉलिंगचा पर्याय दिसतो का बघून. वायफाय कॉलिंग चालू झालं की ओटीपी पण वायफायवरूनच येतो, जांभ्याची भिंत असो नाहीतर काळ्या दगडाची. आणि लाईट गेल्यावर हॉटस्पॉटला हाच फोन पडवीत ठेवा, भारतीय आहे, कुणाला विचारत बसणार नाही. एस२१ वायफायवर ठेवा, व्हिडिओ कॉल, भजनं, नातवंडांचे फोटो, स्क्रीन आणि कॅमेरा उत्तम आहे त्याचा. दोन फोन सांभाळणं आईला जड जाईल म्हणाल तर तेही खरंय, ते तुम्ही घरचे ठरवा, माझी आई असती तर तिने दोन्ही फोन एकाच पिशवीत घालून देवाजवळ ठेवले असते आणि रिंग वाजली की दोन्ही काढले असते.

पुढच्या वेळी तिकडून कुणी फोन आणणार असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवा. हप्त्यावरचा कंपनी-फोन नको, सॅमसंग असेल तर यू१, थेट सॅमसंगकडून किंवा मोठ्या दुकानातून अनलॉक्ड म्हणून विकलेला. आयफोनमध्ये हा त्रास फार कमी, तिथे जनरल, अबाउट मध्ये कॅरियर लॉकपुढे "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" दिसलं की बहुतेक सेटिंग सिमप्रमाणे स्वतः बदलतात, पण अमेरिकन आयफोन १४ पासून पुढे सिमचा खाचाच नाही, फक्त ई-सिम, गावाकडच्या माणसाला ते करून देणं हा अजून एक कार्यक्रम. आणि हप्ते थकलेला फोन चुकूनही नको, तिकडे थकबाकीच्या फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) काळ्या यादीत टाकतात.

उलट्या दिशेने जाणाऱ्यांसाठी पण एक ओळ, कारण खाली कुणीतरी विचारणारच. इथला फोन घेऊन शिकायला निघालेल्या मुलांनी एटीअँडटीचं सिम घ्यायच्या आधी आपलं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का बघावं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी ३जी बंद केलं आणि यादीबाहेरच्या फोनला, व्होल्टी येत असलं तरी, ते घेत नाहीत. आयएमईआयच्या पहिल्या आठ आकड्यांवरून मॉडेल ओळखतात. तिथे मात्र अडथळा पूर्ण नळापाशी असतो, फोनमध्ये काहीही केलं तरी सुटत नाही, दुसरी कंपनी बघायची.

तुम्ही मॉडेलचं पूर्ण नाव आणि त्या लांब ओळीच्या शेवटचे कोड इथे लिहा. आयएमईआय टाकू नका. एपीएन करून बघितल्यावर मेसेज तोच येतो की बदलतो तेही सांगा, शब्द न शब्द, कारण "प्लॅनमध्ये सेवा नाही" आणि "आत्ता तपासता आलं नाही" हे दोन वेगळे मेसेज आहेत आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.